पासिंगचे टायर

अण्णा, गाडी पास झाली. तिसऱ्या खेपेला झाली, पण झाली. तुम्हाला हे सांगायला बसले आणि पहिल्याच ओळीत अडखळले, कारण घरात आपण कोकणीत बोलायचो, तुम्हाला मी कायम ‘तूं’ म्हणत आले, आणि कागद पुढे घेतला की शाळेतलं मराठी येतं आणि तुमचं ‘तुम्ही’ होऊन जातं. तुमचं तरी वेगळं काय होतं म्हणा! मराठीच्या बाजूने घसा बसेपर्यंत भांडायचात, ते सगळं कोकणीत. आई एकदा म्हणालीसुद्धा, “तुमकां मराठी जाय न्ही? मागीर मराठींत झगडात.” मराठी हवी ना तुम्हाला, मग भांडा मराठीत! तुम्ही भाताचा घास हातात धरून तिच्याकडे बघत राहिलात, आणि मग स्वतःच एवढ्या मोठ्याने हसलात की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. तर असू दे. आज तुम्हीच म्हणते.

हे दर वर्षाचं पासिंग म्हणजे माझ्यामागे लागलेली साडेसाती आहे. गाडी भाड्याची म्हणून पिवळी पाटी, आणि पिवळी पाटी म्हणून दर वर्षी आरटीओची परीक्षा. मी लग्न होऊन पेडण्याकडे चोपड्याला आले त्यालाही आता कितीतरी वर्षं झाली, नवरा दर पासिंगला म्हणतो, “गाडी पेडण्याच्या हापिसात बदलून घे, नाही तर विकून टाक, कशाला डिचोलीपर्यंत मरायला जातेस?” मी ऐकत नाही. उन्हाळ्यात ही तुमचीच जीप आमच्या डोंगरावर चढते, काजूचे बोंडू घेऊन उतरते, पावसात जिथे दुसरी कुठलीच गाडी जात नाही तिथे आजारी माणसं आणायला लोक तिलाच बोलावतात. वर्षभर ती कधी मला दगा देत नाही. पासिंगचा महिना आला की मात्र तिच्या अंगात येतं. या वर्षी आधी एक दिवा आकाशाकडे बघायला लागला, मग हँडब्रेक सैल झाला, मग हॉर्नचा घसा बसला.

आणि गॅरेजवाला! तुमच्या वेळचे मेस्त्री निदान तोंडावर शिव्या तरी द्यायचे. आताचा हा कोल्हापूरकडचा, बोलायला इतका गोड की राग करायची सोय नाही. “ताई, झालंच म्हणून समजा.” मी चोपड्याहून दोन बस बदलून डिचोलीला जाते, तर गाडी जिथे सोडली तिथेच, बॉनेट उघडं आणि आत मांजर झोपलेलं. “अहो, हे काय झालं?” “ताई, सामान बेळगावाहून यायचंय.” पुढच्या खेपेला सामान आलेलं असतं, ते बसवणारा माणूस गावच्या जत्रेला गेलेला असतो. मी आवाज चढवला तर म्हणतो, “ताई, तुमची गाडी म्हंजे म्हातारी. एक दात बसवला की दुसरा हलतोय बघा. आमचा काय दोष?” मला हसू आलं आणि मग हसू आलं म्हणून जास्त राग आला. दिवा सरळ करून नेली तर इन्स्पेक्टरने हँडब्रेकवर नापास केली. हँडब्रेक करून नेली तर म्हणे सीट बेल्ट कुठे आहे. अण्णा, जिला दारं नाहीत त्या गाडीला सीट बेल्ट! बरं, लावू बेल्ट. पण जी गाडी डोंगर चढते तिचा फोर व्हील लागतो की नाही, उतारावर ती घसरते की धरून राहते, हे कुणी एका शब्दाने विचारत नाही. सपाट मैदानात पुढे घ्या, मागे घ्या, भोंगा वाजवा, झालं.

टायरवर मात्र मला आजवर कुणी नापास केलेलं नाही. माझे टायर कायम नवे असतात. जरा नक्षी झिजली की मी बदलते, नवरा डोक्याला हात लावतो, मुलगी म्हणते आईला टायरचं वेड आहे. त्यांना मी काय सांगू? त्यांना मी एवढंच सांगितलंय की माझे वडील खाणीच्या चढावर जीप घसरून गेले. कुणाच्या टायरवर गेले, ते सांगितलं नाही. आईने तोंड शिवून घेतलं होतं, आणि तिच्यामागे मीही.

तुम्हाला तुमचा तो नियम आठवतो का? मी तेव्हा शाळेत होते, फार तर पाचवी-सहावीत. दुपारचं कुणीतरी जॅक मागायला आलं. मी नुकती झोपेतून उठलेली, कंटाळा आला, दारातूनच म्हटलं, “जॅक ना,” नाही म्हणून. माणूस गेला. तुम्ही मागे विहिरीवर होतात, तुम्ही ऐकलंत. ओल्या अंगाने आत आलात. तुम्ही मला कधी मारलं नाहीत, त्या दिवशीही नाही, पण इतक्या हळू आवाजात बोललात की मारलं असतं तर बरं झालं असतं. “घरांत आशिल्ली वस्त ना म्हणूं नाका, बाय. ना म्हटलें काय ती खरींच ना जाता.” घरात असलेली वस्तू नाही म्हणायची नाही, म्हटलं की ती खरीच नाहीशी होते. मग तोच जॅक माझ्या हातात देऊन त्या माणसाच्या मागे बाजारापर्यंत पाठवलंत. जॅक जड होता, ऊन मी म्हणत होतं, मी वाटभर रडत गेले. त्या माणसाने माझं तोंड बघितलं आणि मला सोडा लिंबू पाजलं.

हा नियम नुसता आपल्या घरचा नव्हता. सगळ्या जीपवाल्यांचा होता, आणि पासिंगच्या दिवसांत तर त्याला ऊत यायचा. डिचोलीत तेव्हा खाणीवर चालणाऱ्या जीपा सारख्याच बनावटीच्या, चाकं एकाची दुसऱ्याला बसायची. खाणीच्या दगडांवर टायर टिकतात किती? सगळ्यांचे गोटे झालेले असायचे, नक्षी पार पुसलेली, हात फिरवला तर गुळगुळीत. मग ज्याचे नवे असतील त्याचे काढून पासिंगच्या गाडीला लावायचे, गाडी पास करून आणायची, आणि संध्याकाळी परत द्यायचे. पासिंगचे टायर म्हणायचे त्याला. कुणाला त्यात काही चुकीचं वाटत नसे. लग्नाला शेजाऱ्याच्या समया नेतात, तसंच. आणि आपले टायर नेहमी बरे असायचे, कारण तुम्ही दुसऱ्या कशातही काटकसर केलीत, टायरमध्ये कधी नाही. सकाळी गाडी काढायच्या आधी चारी चाकांभोवती फिरून नक्षीत अंगठ्याचं नख घालून बघायचात. त्यामुळे अख्ख्या बाजाराच्या जीपा तुमच्या टायरवर पास व्हायच्या. आई करवादायची, “आमचे टायर सगळ्या संवसाराक पास करतात,” आणि तुम्ही म्हणायचात, “एका दिसाचो प्रश्न गो.”

एका दिसाचो प्रश्न. हे शब्द माझ्या कानात इतकी वर्षं बसलेत.

काका आले तो दिवस तर मला फणसाच्या सावलीसकट दिसतो. काका म्हणजे तुमचे जिवाभावाचे दोस्त, त्याच खाणीवर दुसरी जीप चालवणारे. ते कोकणीवाले, तुम्ही मराठीवाले, आणि दोघं भांडायला बसायचात ते आपल्याच स्वयंपाकघरात, आईच्या हातच्या हुमणाची, माशाच्या कालवणाची, वाटी मध्ये ठेवून. त्या वर्षी गोव्याची राजभाषा कोकणी की मराठी यावरून सगळीकडे पेटलं होतं, भिंती रंगल्या होत्या, भावाभावांनी बोलणं टाकलं होतं. तुमचं भांडण मात्र हुमण संपलं की संपायचं. तर काका आले आणि म्हणाले, “टायर दी रे. फाल्यां म्हापशां पासिंग आसा. सांजेर परत हाडटां.” उद्या पासिंग, तेही तेव्हा म्हापशाला, आणि संध्याकाळी टायर परत. आईने चुलीपासून मान वर केली. “आनी आमची गाडी?” तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात. दुसऱ्या दिवशी तुम्हाला कुठे जायचं नव्हतं. “ताचे टायर लायतां तिका. हांव खंय वतां फाल्यां? एका दिसाचो प्रश्न.” दुसऱ्या दिवशी उजाडताच तुम्ही दोघांनी फणसाखाली चाकं बदललीत. काका जाताना मला म्हणाले, “मराठी टायरांचेर कोकणी गाडी पास जातली पळय!” आणि तुम्ही त्यांच्या पाठीत एक गुद्दा घातलात. हसत होतात दोघंही. मी ते हसणं कितीदा आठवून बघते.

त्याच दिवशी दुपारी रस्ते बंद झाले. आंदोलनवाल्यांनी झाडं आडवी पाडली, बस नाही, ट्रक नाही, बाजाराची दारं लागली. काका म्हापशात अडकले, आणि त्यांच्याबरोबर आपले टायर. आपल्या अंगणात आपली जीप काकांच्या गोट्यांवर उभी. तुम्ही दोनदा तिच्याभोवती फिरलात, एकदा सवयीने नखसुद्धा लावून बघितलंत, आणि लाज वाटल्यासारखे आत आलात. एका दिवसाचे दोन झाले, दोनाचे तीन होणार असं दिसायला लागलं. आणि मग पाळीच्या खाणीवरून एक माणूस आडवाटेने चालत आला. वर खाणीवर खोपींत राहणारी ती कोल्हापूर-बेळगावकडची माणसं, त्यांचं सामान नेहमी ट्रकातून वर जायचं, ट्रकच बंद. पीठ संपलं होतं, बायका-पोरं होती. मालकाची माणसं घरी बसलेली. त्या माणसाने कुणाला दोष दिला नाही, अंगणात उभा राहून एवढंच म्हणाला, “पोरं रडाय लागल्यात, अण्णा. तुमची गाडी असंल तर बघा.”

गाडी होती. आणि असलेली वस्तू नाही म्हणायची नाही.

आई आडवी आली होती, हे मी बघितलंय. “टायर पळयल्यात?” टायर बघितलेत का, असं तिने विचारलं. तुम्ही म्हणालात, “सवकास वतां.” सावकाश जातो. आपल्या पोदेराने, पाववाल्याने, बंद असूनही मागच्या दाराने भट्टी पेटवली होती, त्याच्याकडून तुम्ही उंडे, ते गोल पाव, घेतलेत, पोतंभर, गरम. पोत्यातून वाफ येत होती. मला एक काढून दिलात, तो मी दोन्ही हातांत धरून फाटकाशी उभी राहिले, आणि तुम्ही आतल्या वाटेने गेलात. त्या चढावर खाणीतलं पाणी उपसणारा पंप चालू होता, त्याचा पाइप सुटून पाणी रस्त्यावर आलं होतं. लाल मातीचं लोणी झालं होतं तिथे. नव्या टायरांनी ती गाडी तो चढ रोज चढायची, चिखलातसुद्धा. गोट्यांनी धरला नाही. मागे घसरली आणि कडेवरून खाली गेली.

तुम्हाला त्या माणसांनीच आणलं, ज्यांच्यासाठी तुम्ही गेला होतात. त्यातला एक जण रिकामं पोतं नीट घडी करून हातात धरून अंगणात उभा होता. ते कुणाला परत द्यायचं हे त्याला कळत नव्हतं. कुणीतरी म्हणालं की उंडे उतारभर सांडले होते, लाल होऊन. पोरांनी ते झटकून खाल्ले. खाल्ले ते बरं झालं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

पण अण्णा, मरणापेक्षा जे पुढे झालं ते मला जास्त लागलं. पंचनाम्याला आलेल्याने चाकाला बुटाने ढोसून बघितलं आणि म्हणाला, “हे बघा, सगळे गोटे.” गाडीच्या पासिंगची मुदत शिल्लक होती, कागद चोख. मग काय, बाजाराला दोन आणि दोन चार करायला किती वेळ? पासिंगला नवे, खाणीवर गोटे. दुसऱ्यांना टायर देऊन मोठेपणा मिरवायचा आणि आपण असल्या चाकांवर माणसं न्यायची. स्वतः गेला ते गेला, गाडीत माणसं असती तर? हे बोलत होते कोण, तर ज्यांच्या गाड्या तुमच्या टायरवर पास झाल्या ते. बाराव्याच्या जेवणाला पंगतीत बसून बोलत होते. मी वाढत होते, हातात वरणाचं भांडं. मला वाटलं ते भांडं ओतावं त्यांच्या डोक्यावर. वाढलं मुकाट्याने. रोज सकाळी नख घालून टायर बघणारा माझा बाप, आणि डिचोलीभर त्याचं नाव काय झालं, तर गोट्या टायरांवर गाडी चालवणारा.

रस्ते उघडल्यावर काका आले. आपले चारी टायर धुऊन आणले होते, अगदी नक्षीतली मातीसुद्धा काढून. ते टायर उतरवायच्या आधीच ते पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. म्हणाले, “वयनी, हांव पोलिसांक सांगतां. टायर म्हजे आशिल्ले म्हण सांगतां.” टायर माझे होते म्हणून सांगतो. आई दारात उभी होती. ती रडली नाही. ती म्हणाली, “गेल्लो मनीस परत येवचो ना. जिवो आसा ताका कित्याक मारूं? तुमचीं भुरगीं ल्हान. तोंड उगडूं नाकात.” जिवंत आहे त्याला कशाला मारू, तुमची पोरं लहान आहेत, तोंड उघडू नका. आणि मग, जसं काही भाजी आणायला सांगावं तसं, “गाडी नीट करून घेयात. तुमी चलयतले ती.”

आणि काकांनी ती चालवली. स्वतःची जीप विकली आणि आपली चालवली, आईसाठी, वर्षानुवर्षं, खाणीवर, नंतर खाणी बंद पडेपर्यंत. मला म्हापशाला कॉलेजात सोडायचे तेव्हा मी मागे बसायचे. पुढची जागा रिकामी असायची, तरी मागेच. ते आरशातून बघायचे, मी बाहेर बघायचे. मी मोठी झाल्यावर गाडी शिकायची म्हटलं तेव्हा शिकवलं त्यांनीच, खनिजाच्या रिकाम्या मैदानात, आणि त्या सगळ्या दिवसांत आमच्यात ‘क्लच’, ‘ब्रेक’ आणि ‘सवकास’ याच्यापलीकडे शब्द झाला नाही. आईचं मला कळायचं. पण आई गेल्यावर? आई गेली तेव्हा त्यांची भुरगीं मोठी झाली होती, नोकरीला लागली होती. आता कुणाचं काय बुडणार होतं? एकदा तरी, चारचौघांत, त्यांनी म्हणावं की ते टायर माझे होते. मला दुसरं काही नको होतं. मी ते कधी मागितलं नाही, आणि त्यांनी कधी म्हटलं नाही. दर वर्षी पासिंगच्या दिवशी मात्र धुतलेला सदरा घालून, हातात नारळ घेऊन ते मैदानाच्या फाटकाशी येऊन उभे राहतात. मी बोलावत नाही. आणि नवऱ्याने कितीही सांगितलं तरी मी गाडी पेडण्याला का नेत नाही, तर यासाठी. त्यांच्या तोंडून ते येईल तर तिथेच, डिचोलीत, गाड्यांच्या रांगेत येईल, असं मला वाटायचं.

या वर्षी ते नातवाच्या खांद्यावर हात ठेवून आले. नजर जवळजवळ गेलीय. नातू त्यांना सोडून चहाला गेला, आणि ते चाचपत जीपला टेकून उभे राहिले. इन्स्पेक्टर कोवळा पोर होता, बाहेरून कुठूनतरी बदलून आलेला. दिवा बघितला, हँडब्रेक ओढला, ते सीट बेल्ट खेचून बघितले. मग वाकून टायरवरून हात फिरवला आणि हसून म्हणाला, “जीप एवढी जुनी आणि टायर एकदम कोरे! तुमचेच ना ताई, का शेजाऱ्याचे आणलेत?” त्याने गंमत केली. रांगेतले दोघेतिघे हसले, कारण अजूनही आणतात.

काका टेकलेले सरळ झाले. “तिचे आसात,” ते म्हणाले. आवाज मोठा होता. “तिचेच. तिच्या बापायचेय बरे आशिल्ले. गोटे आशिल्ले ते म्हजे. हांवें ताचे टायर पासिंगाक व्हेल्ले आनी म्हजे गोटे ताका दिल्ले. तो ताचेर गेलो. ताची चूक नाशिल्ली. म्हजे टायर ते.” आणि पुन्हा, “म्हजे.” माझे. माझ्या हातातली किल्ली खाली पडली. इतकी वर्षं मी ज्याची वाट बघितली ते असं, भर उन्हात, डिझेलच्या वासात आलं. मी आजूबाजूला बघितलं. कुणीतरी ऐकायला हवं होतं ना! इन्स्पेक्टरने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय का अशा नजरेने, आणि म्हणाला, “कुठले टायर, आजोबा? हे तर ठीक आहेत.” त्याने सही केली आणि पुढच्या गाडीकडे गेला. रांगेतला एक जण मोबाइल बघत होता, दुसरा मागच्याला भोंगा मारू नको म्हणून ओरडत होता. बाराव्याला पंगतीत बसलेल्यांपैकी तिथे कुणीही नव्हतं. बहुतेक तर आता कुठेच नाहीत. अण्णा, तुमचं नाव धुतलं गेलं आणि ते कुणाचं नाव आहे हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं. मी गाडी बाजूला घेतली, आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. काकांना कळलं असावं. ते चाचपत आले आणि गाडी शिकवली त्यानंतर पहिल्यांदा पुढच्या सीटवर माझ्या शेजारी बसले, नारळ मांडीवर घेऊन.

आणि नेमका तेव्हा तो आला. पाळीचा कुणी, रांगेत मागे उभी असलेली तसलीच जीप त्याची. त्याचा पुढचा एक टायर पार गोटा होता, इथूनच दिसत होता. त्याने आमच्या मागे लटकलेली स्टेपनी बघितली, कोरी करकरीत. “बाय,” तो म्हणाला, “ती स्टेपनी मेळटली? पास जाली काय हाडून दितां. एका दिसाचो प्रश्न.”

काकांचा हात नारळावर घट्ट झाला, मी बघितलं. मला वाटलं, सांगावं याला सगळं, खडसावून सांगावं, गाडी घरी ने आणि टायर घेतल्याशिवाय बाहेर काढू नको. ‘ना’ म्हणायला माझ्याइतका हक्क कुणाला होता सांगा! तोंड उघडलंही. पण स्टेपनी मागे लटकलेली, आणि डोळ्यांसमोर तुम्ही ओल्या अंगाने उभे. शेवटी मी म्हटलं, “एका दिसाक दिवचें ना. कायमची व्हर. परत हाडूं नाका. हाडशी जाल्यार घेवचें ना. आनी तुजो तो गोटो म्हाका दाखोवंय नाका.” कायमची ने, परत आणलीस तरी घेणार नाही, हे मी ठणकावून सांगितलं. त्याला वाटलं असेल, ही बाईही त्या म्हाताऱ्यासारखीच. पण गेला घेऊन, आणि मी समोर उभी राहून त्याला ती चढवायला लावली, बोल्ट स्वतः ओढून बघितले. परत आले तेव्हा काकांनी माझ्या परतीचं एकच विचारलं, “आतां तुका स्टेपनी ना मगो? चोपड्यां मेरेन कशी वतली?” मी म्हटलं, “सवकास.”

सावकाशच आले. चोपड्याच्या पुलावर खाली पाणी चमकत होतं आणि मी प्रत्येक चाकाचा आवाज ऐकत होते. नवऱ्याने विचारलं स्टेपनी कुठे गेली, मी म्हटलं दिली, आणि तो डोक्याला हात लावून आत गेला. आता हे कागद मी जीपच्या सीटखाली हत्यारांच्या पिशवीत ठेवणार आहे. पोस्टाने जाण्यासारखा तुमचा पत्ता नाही. पण ठेवायच्या आधी एक सांगून टाकते. इतकी वर्षं मी मागच्या सीटवर बसून काकांवर जो राग धरला, तो त्यांच्यावरचा नव्हताच. तो तुमच्यावर होता. एवढ्या मोठ्या माणसाला एकदा, फक्त एकदा, अंगणात उभ्या असलेल्या गाडीकडे बघून ‘ना’ म्हणता आलं नाही, म्हणून. आणि अण्णा, आज मलाही म्हणता आलं नाही.